मार्करची लेक आणि मेंढीची तात

टेनिसच्या मॅचेस मी आयुष्यभर ऐकल्या. पाहिल्या म्हणाल तर अगदी थोड्या. स्पर्धेच्या दिवसांत आमचं दुकान म्हणजे मुख्य कोर्टामागे, हिरव्या कनातीला टेकवून ठोकलेला एक तंबू. त्यात एक यंत्र, दोन स्टुलं आणि मी. कनातीच्या अलीकडे मान खाली घालून मी रॅकेटी विणायच्या आणि पलीकडे त्याच रॅकेटींनी लोकांनी चेंडू बडवायचा. टाळ्या पडल्या की समजायचं, कुणाचं तरी भलं झालं. कुणाचं ते पंचांच्या भोंग्यातून कळायचं.

"रॅकेट विणता म्हणजे काय करता? ती विकत मिळते ना?" असं अजूनही लोक विचारतात. मिळते की. सदराही विकत मिळतो, म्हणून शिंपी काही उपाशी मेला नाही. दुकानात मिळते ती नुसती चौकट समजा. तिच्यात उभ्या ताती ओढायच्या, मग त्यांतून आडव्या, एक वरून एक खालून, खाट विणतात तशा. प्रत्येक तात खेळाडूनं सांगितलेल्या वजनानं ताणायची, चिमट्यात धरायची आणि शेवटी गाठ मारायची. घट्ट विणली तर चेंडू ताब्यात राहतो, पण लांब जात नाही. सैल विणली तर लांब जातो, पण कुठे जाईल ते अल्ला जाणे. लोकांना नेमकं उलट वाटतं. मीही आताशा समजावत बसत नाही.

आम्ही मूळचे पिंजारी. गुरुवार पेठेत अब्बा गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे. पिंजणाला जी तात असते ती मेंढीच्या आतड्याची, आणि जुन्या चांगल्या रॅकेटची तातही मेंढीच्या आतड्याचीच. इंग्रजांच्या काळी कॅम्पातल्या कुणा साहेबानं अब्बांच्या खांद्यावरचं पिंजण पाहिलं आणि तुटलेली रॅकेट पुढे केली. अब्बांनी टेनिस कशाशी खातात हे ठाऊक नसताना ती विणून दिली. पुढे साहेब गेला, देश स्वतंत्र झाला, कापूस यंत्रावर गेला. रॅकेटी मात्र आमच्या घरी राहिल्या. भावांना एका जागी बसायचा कंटाळा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. टेनिसवाले तातीला 'गट' म्हणतात. अब्बा शेवटपर्यंत 'तात'च म्हणत, म्हणून मीही.

सदाशिव पेठेच्या तोंडाशी आम्ही छोटं दुकान घेतलं तेव्हा या मेंढीनं मोठी गंमत केली. पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे नाना म्हणत, रोज सकाळी खेळायचे. तात कशाची असते हे एक दिवस त्यांच्या घरी कळलं. दुसऱ्या दिवशी नाना रॅकेट घेऊन दुकानात हजर.

"ही आजपासून तुमच्याकडे मुक्कामाला. घरात सोवळं आहे."

"नाना, नायलॉनची घालून देऊ का?"

"नको. नायलॉननं खेळण्यापेक्षा भजन केलेलं बरं."

"पण मग मेंढीची चालते तुम्हाला?"

नाना म्हणाले, "मी ती खात नाही. फक्त मारतो."

नानांचं पाहून आणखी काही मंडळींनी आपापल्या रॅकेटी आणून टांगल्या. सकाळी घेऊन जायच्या आणि खेळून झालं की परत ठेवायच्या. आमच्या भिंतीवर संध्याकाळी निम्मी सदाशिव पेठ लटकलेली असायची. भाडं कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं द्यायची पेठेत पद्धत नाही.

पण मला सांगायचंय ते राष्ट्रीय अजिंक्यपदाचं. लाकडी रॅकेटी जाऊन काळ्या ग्राफाइटच्या येऊ लागल्या होत्या, त्या सुमारास एका डिसेंबरात ही स्पर्धा पुण्याला, आमच्या क्लबाच्या कोर्टांवर आली. देशातल्या सगळ्या चांगल्या खेळाडू मुली आठवडाभर आमच्या गावात! मी तर ईद आल्यासारखी पहाटेच उठून तंबू उघडायची.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. एकीची रॅकेट किती वजनानं विणली ते दुसरीला सांगायचं नाही, आणि कुणालाच 'जिंक' म्हणायचं नाही. उद्या समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोघी आज आपल्याच स्टुलावर बसून जातात. दुवा एकीला दिली तर ती दुसरीच्या मुळावर. म्हणून तोंड बंद ठेवायचं. पण कान बंद ठेवायचे असं कुठे आहे? रॅकेट विणून होईपर्यंत मुली स्टुलावर बसून राहत, आणि बसल्या की बोलत. उपांत्य फेरीच्या आदल्या दिवशी चौघी येऊन गेल्या. कप एकच होता, पण चौघींना तो चार गोष्टींसाठी हवा होता.

हरप्रीत पंजाबच्या पोलिसांत होती. हाडापेरानं दणकट, आणि हसली की तंबू हलायचा. "आपा, जीत गई तो इन्स्पेक्टर! जो साहब आज मुझे डाँटते हैं, वो सलाम ठोकेंगे," असं म्हणून तिनं मलाच एक कडक सलाम ठोकून दाखवला.

मद्रासची कल्याणी अगदी कमी बोलायची. जिंकणारीला परदेशातल्या स्पर्धांना पाठवणार होते. तिनं फक्त बोट वर करून विमान उडवून दाखवलं आणि लाजली. मला ती पोर फार आवडली होती.

तिसरी रेवा, दादरची, जेमतेम अठरा वर्षांची. खेळ असा की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. तिचे वडील तंबूच्या बाहेर येरझारा घालायचे आणि ती आत बसून माझ्या डब्यातली खारी खायची.

"जिंकलीस तर काय करशील गं?" मी विचारलं.

"सोडून देईन," ती म्हणाली.

"काय सोडून देशील?"

"टेनिस! बाबांनी प्रॉमिस केलंय, एकदा नॅशनल जिंक, मग तुझं तू बघ. आपा, मला कॉलेजच्या कँटीनमध्ये बसायचंय. मला सकाळी नऊपर्यंत झोपायचंय. सहा वर्षांची असल्यापासून मी पहाटे उठतेय."

जिंकायचं ते सुटण्यासाठी! मी यंत्राचं चाक फिरवायचीच थांबले. असलं कारण मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही कधी ऐकलं नाही.

आणि चौथी आमची वृंदा. रेल्वेत नोकरी, लग्न झालेलं, वय तिशीच्या पलीकडे. दोनदा अंतिम फेरीत हरली होती. टेनिसमध्ये या वयाला लोक 'अजून खेळता का?' असं विचारतात, आणि वृंदाला ते विचारून झालं होतं. "आपा, ही शेवटची," ती म्हणाली. "गुडघ्यानं सांगितलंय." का हवाय कप, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. ते सगळ्या क्लबाला ठाऊक होतं.

वृंदा ही दादांची मुलगी, आणि दादा या क्लबचे पूर्वीचे मार्कर. मार्कर म्हणजे क्लबनं पगारावर ठेवलेला खेळाडू. ज्या मेंबराला खेळायला जोडीदार नसेल त्याच्याशी त्यानं खेळायचं, नवख्यांना शिकवायचं, आणि उरलेल्या वेळात कोर्टाला पाणी मारून रोलर फिरवायचा. दादांचा खेळ अब्बा सांगायचे. मोठमोठे विजेते पुण्यात आले की सरावाला दादांनाच बोलवत, आणि कनातीआड कोण हरायचं ते दोघांनाच ठाऊक. पण स्पर्धा हौशी लोकांसाठी. खेळण्याचा पगार घेतो तो धंदेवाईक, त्याला अर्जच भरता यायचा नाही. पुढे नियम बदलला, तोवर दादांचे गुडघे गेले होते. ज्या कोर्टाची माती त्यांनी आयुष्यभर सारखी केली, त्या कोर्टावर स्पर्धेतला एक चेंडूही त्यांना मारता आला नाही. वृंदाला तो कप त्याच कोर्टावर घ्यायचा होता. यंदा पहिल्यांदाच ती संधी आली होती, आणि तीही शेवटची.

उपांत्य फेरीत वृंदानं हरप्रीतला हरवलं. हरप्रीत रडली नाही, तंबूत येऊन म्हणाली, "आपा, अब एक साल और डाँट खाऊँगी." रेवानं कल्याणीला सरळ उडवलं. कल्याणी तशीच स्टेशनवर गेली. तिचं विमान पुढे कधी उडालं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे.

त्या संध्याकाळी वृंदा आपल्या दोन्ही रॅकेटी घेऊन आली, पण विणून घ्यायला नाही, गाठी तेवढ्या तपासून घ्यायला. मी एकीवर नख मारून पाहिलं. ताजी तात टणत्कार करते. ही ओल्या लाकडासारखी बोलत होती. मातीच्या कोर्टावर वाळूचे कण तातीत घुसतात, एकमेकींवर घासून खाचा पडतात. दुसरीचंही तेच.

"वृंदा, दोन्हींच्या ताती कापू. रात्रीत बसून विणून देते."

"नको आपा. हिनं सेमीफायनल जिंकून दिली. आणि तिनं क्वार्टर."

आता हे खूळ बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. टेनिसवाले शिकले-सवरलेले असतात, पण जिंकलेली तात कापायची म्हटलं की नवस पुरा व्हायच्या आधीच नारळ फोडल्यासारखे घाबरतात. मोजे न धुणारे पाहिलेत, कोर्टात डावाच पाय आधी टाकणारे पाहिलेत. पण तात म्हणजे सगळ्यांवर कडी.

"अगं, तुटेल उद्या!"

"आपा, तिला हात लावू नका," वृंदा म्हणाली, आणि दोन्ही रॅकेटी पोटाशी धरून निघून गेली. दोनदा फायनल हरलेल्या बाईशी मी काय वाद घालणार?

फायनलच्या दिवशी दुपारी खुर्च्या भरल्या, मग सतरंज्या भरल्या, मग लोक भिंतीवर चढले. मी तंबूत. मॅच सुरू झाली आणि दादा आत आले. पांढरा पायजमा, वर जुना क्लबचा कोट.

"पुढे खुर्ची ठेवलीय ना तुमच्यासाठी?" मी म्हटलं.

"ठेवलीय. बसवत नाही." दादा कोर्टाकडे पाठ करून स्टुलावर बसले. "अगं जैनब, मी काय बघायचं? मला ऐकू येतंय सगळं."

आणि खरंच त्यांना ऐकू येत होतं! पलीकडे चेंडू वाजायचा आणि अलीकडे दादा सांगायचे. "हा वृंदाचा. बॅकहँड, मधोमध. हा त्या पोरीचा, काय मारते गं! हा उंच टाकला. आता धावेल. धावली." मग टाळ्या, मग भोंग्यातून गुण, आणि तो दादांनी आधीच बोटावर धरलेला असायचा. मी ऐकणारी म्हणून स्वतःला शहाणी समजत होते. दादांपुढे मी बहिरीच.

पहिला सेट वृंदानं घेतला. दुसऱ्यात बरोबरी चालली होती, आणि एकदम 'फट्' असा आवाज आला. दादांनी डोळे मिटले.

"गेली," ते म्हणाले.

सेमीफायनल जिंकून देणारी तात फायनलमध्ये तुटली. वृंदानं दुसरी रॅकेट घेतली आणि पहिली कनातीच्या फटीतून आत आली. दादांनी ती माझ्या यंत्रावर ठेवली.  "विणायला बस, जैनब. दुसरीही फार बोलत नाहीये."

मी तुटलेल्या ताती कापून काढल्या आणि उभ्या ओढायला घेतल्या. घाईनं ओढली तर नवी तात चौकटीच्या भोकात तासली जाते, म्हणून हात पळवायचे पण मन पळवायचं नाही, असं अब्बा सांगायचे. मन कसं पळू द्यायचं नाही हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. पलीकडे वृंदानं दुसरा सेट घालवला. तिसरा सुरू झाला आणि रेवा पुढे निघाली. टाळ्या थांबल्या. 

"दादा, बोला काहीतरी!"

"ती पोरगी रेषेवर मारतेय. वृंदा पोचतेय, पण उशिरा."

मी आडव्या घेतल्या. वरून, खालून, वरून, खालून. माझी बोटं चालत होती आणि कान कनातीला चिकटले होते. मग काय झालं कुणास ठाऊक, वृंदाचा पाय मोकळा झाला. दादांचा आवाज चढत गेला. "हा घेतला! हाही घेतला! अगं ही नेटवर गेली, नेटवर गेली, मारला!" भिंतीवरचे लोक ओरडायला लागले. बरोबरी झाली. मग रेवा पुढे, पुन्हा बरोबरी, पुन्हा रेवा पुढे. आता वृंदाची सर्व्हिस, आणि ही गेली की सगळं गेलं. माझ्या आडव्या संपत आल्या होत्या.

गुण बरोबरीत असताना तो आवाज पुन्हा आला. फट्!

पण चेंडू चालूच होता. तुटलेल्या तातीनं वृंदानं एक मारला, दुसरा मारला, तिसरा बाहेर गेला. भोंगा बोलला: रेवाला मॅच पॉइंट. आणि वृंदाच्या हातात फाटकी रॅकेट.

मी शेवटची गाठ आवळत होते. "दादा, झाली! धरा, पळा!"

दादांनी रॅकेट घेतली, कनातीच्या दारापर्यंत धावत गेले, आणि तिथेच उभे राहिले. मला वाटलं, गुडघा धरला. पण ते कोर्टाभोवतीच्या चुन्याच्या पट्टीकडे बघत होते.

"मॅच चालू असताना मार्कर कोर्टात जात नाही," ते म्हणाले.

"अहो दादा, तुम्ही निवृत्त होऊन किती वर्षं झाली!"

"जैनब, तू दे. माझा पायच उचलत नाही गं."

मी रॅकेट हिसकावून घेतली. चपलांनी माती उखडते म्हणून चपला तिथेच भिरकावल्या आणि साडीचा ओचा धरून अनवाणी धावत सुटले. एवढ्या लोकांसमोर! अब्बा असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. पंच खुर्चीवरून बजावत होते की खेळ थांबवता येणार नाही, दोन्ही खेळाडूंनी तयार राहावं. आणि पलीकडे रेवा एक गुडघा टेकून बुटाची नाडी बांधत होती.

म्हणजे लोकांना तसं दिसलं. नाडीला पक्की दुहेरी गाठ होती, आणि गाठींतलं मला कळतं. ती पोर ती गाठ सावकाश सोडत होती. एक गुण मिळाला की ती सुटणार होती, आयुष्यभर नऊपर्यंत झोपणार होती. तिच्या वडिलांनी खुर्चीतून "रेवा!" म्हणून हाक मारली. तिनं वर पाहिलं नाही. नाडी सोडली, ओढली, पुन्हा बांधली, आणि मी वृंदापाशी पोचल्यावरच उठली.

वृंदानं तळहातानं तात ठोकून पाहिली. टण्! तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. "जिंक," म्हटलं.

परत तंबूत जायचं मला सुचलंच नाही. मी तिथेच कडेला, पंचांच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि डोळ्यांनी मॅच पाहिली. वृंदानं सर्व्हिस केली. चेंडू इकडून तिकडे जायला लागला. मग वृंदानं हात लांब काढून एक सणसणीत मारला. तो शेवटच्या रेषेपर्यंत जायला हवा होता, पण कोरी तात घट्ट असते. चेंडू नेटपलीकडे जेमतेम उतरला आणि तिथेच मेला. मागे वाट बघणारी रेवा जीव खाऊन पुढे धावली, पण पोचली नाही. बरोबरी! लोकांनी टोप्या उडवल्या. वृंदा रॅकेटकडे पाहून हसली. तिला कळलं होतं. पुढचा चेंडू तिनं जास्त जोर लावून मारला आणि तो जिथे जायचा तिथे गेला.

नंतर मला नीट आठवत नाही. मी ओरडत होते एवढं नक्की, कारण दोन दिवस घसा बसला होता. ती गेम वृंदाची. पुढची वृंदाची. आणि मग शेवटचा चेंडू रेवाच्या रॅकेटवरून नेटमध्ये गेला आणि सगळं पुणं उठून उभं राहिलं. जे पुणं लग्नातही जपून टाळ्या वाजवतं, ते!

दोघी नेटपाशी आल्या. रेवा म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे मला आणखी एक वर्ष पहाटे उठावं लागणार." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. वृंदानं तिला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. पुढच्या वर्षी रेवा ते अजिंक्यपद जिंकली आणि खरोखरच खेळ सोडून कॉलेजात गेली.

आता तात प्लास्टिकची आली आहे आणि यंत्रं विजेवर चालतात. दुकान मी कधीच बंद केलं. मुलगा वाघोलीला संगणकावर काम करतो. त्याच्या सोसायटीत टेनिसचं कोर्ट आहे, त्यावर मुलं सायकली चालवतात. मेंढीच्या तातीचा आवाज काय असतो हे सांगायला आता माणूस शोधावा लागतो, याचं वाईट वाटतं. पण त्या दिवशी बक्षीस समारंभानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे माझी फार तक्रार नाही.

कप दिला, हार घातले, फोटो झाले. सेक्रेटरीसाहेबांनी भोंग्यातून दादांना कोर्टावर बोलावलं. दादा कनातीच्या दाराशीच उभे. शेवटी वृंदा स्वतः गेली.

"मॅच संपली ना?" दादांनी विचारलं.

"संपली, दादा."

मग त्यांनी चपला काढल्या आणि चुन्याची पट्टी ओलांडली. वृंदानं कप खुर्चीवर ठेवला आणि मी विणलेली रॅकेट उचलली. रेवानं न सांगता आपली रॅकेट दादांच्या हातात दिली. लोक निघाले होते ते थांबले.

दादांनी पहिला चेंडू टाकला. काय सुंदर आला! वृंदाच्या कमरेच्या उंचीवर, हातापासून हवा तेवढ्या अंतरावर. तिनं परत मारला, दादांनी पुन्हा तसाच दिला. पुन्हा तसाच. लोक कौतुकानं माना डोलवत होते. मार्करची हीच तर कमाई. मेंबराला चेंडू असा द्यायचा की त्याचा फटका देखणा बसला पाहिजे. त्याला पळवायचं नाही, हरवायचं तर नाहीच. मेंबर खूश होऊन घरी गेला पाहिजे. उमेदीची सगळी वर्षं दादांनी हेच केलं होतं.

वृंदानं चेंडू हातात धरला. "दादा, असा नको."

"मग कसा?"

"मेंबरला देता तसा नको. मला हरवायला मारा."

दादांनी सवयीनं सेक्रेटरीसाहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. साहेब दुसरीकडेच बघत होते. वृंदानं चेंडू टाकला, चांगला कडक. दादांचे गुडघे वाकले, खांदा वळला आणि म्हातारा माणूस दिसेनासा झाला. चेंडू वृंदापासून लांब, रेषेच्या बोटभर आत पडला आणि कनातीवर आदळला. वृंदा खोटं धावली नाही. जीव तोडून धावली, आणि पोचली नाही.

 आणि दादांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सॉरी, मॅडम."

वृंदा मातीत गुडघ्यावर बसली होती. दोन फायनली हरताना जी रडली नाही, ती तिथे रडायला लागली. मग उठली, डोळे पुसले, मागे रेषेवर जाऊन उभी राहिली.

"सॉरी काय म्हणता, दादा?" ती ओरडून म्हणाली. "परत मारा!"

दादांनी हात पायजम्याला पुसला. या खेपेला त्यांनी कुणाच्याच खुर्चीकडे पाहिलं नाही. त्यांनी परत मारला.